गोड चहा आणि थकलेली छाती
(प्रौढ वर्गाच्या बैठकीत झालेले भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिला आहे. 'साखर आणि श्वास'. मागे बसलेल्या काकांनी तो मोठ्याने वाचला आणि लगेच विचारले, "साखरेचा दातांशी संबंध ऐकला होता. रक्ताशी ऐकला होता. श्वासाशी कसला संबंध?"

काकांचे बरोबर आहे. आम्हालाही आधी असेच वाटले होते. म्हणून आम्ही जाणत्या डॉक्टरांना विचारले, पुस्तके चाळली. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. आम्ही काही डॉक्टर नाही. आम्ही औषध सांगणार नाही. फक्त समजुतीच्या चार गोष्टी सांगणार आहोत.

पण आधी एक हकीकत ऐका.

आपल्याच वर्गात एक मावशी येत. नाव सांगत नाही. वय साठीच्या पुढे. चाळीस वर्षे त्यांनी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या. विडीला कधी हात लावला नाही. तरी खोकला पाठ सोडीना. आधी तो थंडीत येई. मग बारमाही झाला. चढ लागला की धाप लागे. पुढे पुढे तर जेवतानाही धाप लागू लागली. दोन घास खाल्ले की ताट बाजूला सारावे लागे.

मग मावशींनी काय केले? जेवण कमी केले आणि चहा वाढवला. चहाला चावावे लागत नाही. घोट घेतला की तरतरी येते. सकाळी उठल्यावर चहा, दहाला चहा, दुपारी चहा, दिवेलागणीला चहा. दिवसाचे सहा कप. दर कपात दोन चमचे साखर. सोबत बिस्किटे. शेजारीण म्हणाली, "गूळ खा गं, छातीतला धूर सुटतो." मग गूळही सुरू झाला. मुलगा शहरातून येताना रंगीत पेयांच्या बाटल्या आणी. "आई, पी. यात शक्ती असते."

वर्षभरात मावशी निम्म्या झाल्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

एका पावसाळ्यात ताप आला. बेडका पिवळा-हिरवा पडू लागला. धाप इतकी वाढली, की बोलताना वाक्य पुरे होईना. दवाखान्यात नेले. तिथे तोंडातून ओढायचे औषध दिले, आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या. दोन-तीन दिवसांनी रक्त तपासले, तर साखर 300 च्या वर!

घरचे घाबरले. कोणीतरी म्हणाले, "साखरेनंच छाती खाल्ली." मग घरात सगळेच बंद झाले. साखर बंद, भात बंद, दूध बंद, केळे बंद. भाकरी अर्धी. मावशी आणखी खंगल्या. वर्गात यायच्याही बंद झाल्या.

आता सांगा, चूक कुठे झाली? आधी गोडावर जगल्या ती चूक? की नंतर सारे बंद केले ती? आमचे म्हणणे असे, की चुका दोन्ही होत्या. आणि या दोन्ही चुका आपल्या घराघरांत होतात. म्हणून आजचे हे बोलणे.

आधी छातीचे काम कसे चालते ते पाहू.

लोहाराचा भाता तुम्ही पाहिला आहे. दाबला की हवा बाहेर, उघडला की हवा आत. आपली फुप्फुसे तशीच. नाकातून हवा आत जाते. एका नळीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. झाडाला फांद्या फुटतात तशी ती रचना आहे. शेवटच्या बारीक फांद्यांना द्राक्षाच्या घडासारखे हवेचे इवलेसे फुगे असतात. माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून असे तीस कोटींहून जास्त फुगे असतात. तिथे रक्त हवेतला प्राणवायू घेते आणि अंगातला कर्बवायू हवेत सोडते.

कर्बवायू म्हणजे काय? आपण जे अन्न खातो, ते अंगात हळूहळू जळते. त्याची ऊब आणि बळ आपल्याला मिळते. चुलीत लाकूड जळले की धूर होतो, तसा अंगात अन्न जळून कर्बवायू होतो. तो श्वासावाटे बाहेर टाकावाच लागतो.

वर्षानुवर्षे धूर किंवा धूळ छातीत गेली, की या नळ्या सुजतात. त्यांत कफ साठतो. फुगे फाटतात, सैल पडतात. मग हवा आत जाते, पण बाहेर नीट निघत नाही. याला डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात. आपण याला फुप्फुसाचा जुनाट आजार म्हणू. दमा हा वेगळा आजार आहे. दम्यात नळ्या आवळतात आणि पुष्कळदा पुन्हा मोकळ्या होतात. सी.ओ.पी.डी.त त्या पुरत्या मोकळ्या होत नाहीत. कोणता आजार आहे, हे जोराने फुंकण्याची एक तपासणी असते तिच्यावरून कळते. तिचे नाव स्पायरोमेट्री.

आणि एक गोष्ट विसरू नका. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर तो क्षयाचाही असू शकतो. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी फुकट होते. ती आधी करून घ्या.

हा आजार लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 2021 साली जगात सुमारे 35 लाख माणसे सी.ओ.पी.डी.ने दगावली. आपल्या देशातही हा माणसे मारणाऱ्या मोठ्या आजारांपैकी एक आहे.

तो कशाने होतो? विडी-सिगारेटने होतो. चुलीच्या धुराने होतो. दगडाच्या खाणीत, पिठाच्या गिरणीत, कापसाच्या कामात जी धूळ उडते, तिनेही छाती बिघडते. साखरेने हा आजार होतो असे म्हणायला आज पुरावा नाही. हे पक्के ध्यानात ठेवा. मावशींची छाती साखरेने नव्हे, चुलीने खाल्ली.

मग साखरेचा संबंध कुठे येतो? तो चार ठिकाणी येतो. एकेक पाहू.

पहिले ठिकाण, भूक मारणे.

निरोगी माणसाला श्वास घ्यायला कष्ट पडत नाहीत. आजारी छातीचे तसे नाही. तिला दर श्वासाला ओझे उचलावे लागते. बरगड्यांमधले स्नायू, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, हे सारे दिवसरात्र राबतात. राबणाऱ्या गड्याला भाकरी जास्त लागते की कमी? जास्त. या आजारात शरीराला जास्त अन्न लागते, आणि नेमके तेव्हाच माणूस कमी खातो. कारण पोट भरले की तो मधला पडदा वर ढकलला जातो आणि धाप वाढते.

मग माणूस चहा-बिस्किटावर भागवतो. साखरेने थोडा वेळ तरतरी येते, भूक मरते. पण साखरेत प्रथिने नसतात. स्नायू बांधायला प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत, की शरीर स्वतःचे मांस मोडून खाते. आधी दंड बारीक होतात, मग मांड्या, मग श्वासाचे स्नायूही. भाता ओढणारा गडीच उपाशी राहिला, तर भाता कोण ओढणार? या आजारात वजन फार उतरलेल्या माणसाचे आयुष्य कमी होते, असे डॉक्टरांना दिसून आले आहे.

याची उलट बाजूही आहे. खंगलेल्या रोग्यांना पुरेसे, कसदार अन्न दिले तर काय होते? अशा पुष्कळ पाहण्या एकत्र करून 2012 साली त्यांचा ताळा मांडला गेला. खंगलेल्या रोग्यांचे वजन वाढले, श्वासाच्या स्नायूंना बळ आले, चालण्याची ताकदही सुधारली. म्हणजे अन्न हेही या आजारात औषधासारखे काम करते.

दुसरे ठिकाण, कर्बवायू.

साखर जळताना दहा मापे प्राणवायू लागला, तर दहा मापे कर्बवायू निघतो. तेल-तूप जळताना दहा मापे प्राणवायूमागे सातच मापे कर्बवायू निघतो. म्हणजे साखरेचा 'धूर' थोडा जास्त. चांगल्या छातीला याचे काही वाटत नाही. ती दोन श्वास जास्त घेते आणि मोकळी होते. पण ज्याची छाती फारच थकली आहे, ज्याच्या रक्तात कर्बवायू आधीच साठतो आहे, त्याला हे जड जाऊ शकते.

अमेरिकेतील डॉक्टरांनी 1981 साली असे रोगी नोंदवले. त्यांना शिरेतून फार मोठ्या प्रमाणात साखर दिली होती. त्यांचा कर्बवायू वाढला आणि श्वास आणखी अडला. हे ऐकून काही जण म्हणू लागले, की मग भात-भाकरीही बंद करावी. कारण भात-भाकरीची शेवटी साखरच होते. पण 1992 साली श्वासयंत्रावरच्या रोग्यांवर नीट तपासून पाहिले गेले. अन्नाचे एकूण माप तेवढेच ठेवले आणि त्यातला साखर-पिठाचा वाटा तेवढा वाढवला, तर कर्बवायूत फारसा फरक पडला नाही. गरजेपेक्षा जास्त अन्न दिले, तेव्हा मात्र तो वाढला.

यातून काय शिकायचे? भाकरीला घाबरायचे नाही. भाताला घाबरायचे नाही. पण एका बैठकीला भरमसाट खायचे नाही. आणि बासुंदी, पेढे, गोड पेये यांचा एकदम मारा करायचा नाही. सणावारी पुरणपोळी असली तर एक खा. अर्धी दुपारी, अर्धी संध्याकाळी.

तिसरे ठिकाण, रक्तातली साखर.

मावशींची साखर 300 च्या वर गेली, ती केवळ चहाने नव्हे. छातीची सूज उतरवणाऱ्या ज्या गोळ्या असतात, त्यांना स्टेरॉइड म्हणतात. त्या गोळ्या रक्तातली साखर वाढवतात. ताप आणि जंतूंचा हल्लाही साखर वाढवतो. कुणाला आधीपासून लपलेला मधुमेह असला, तर तो अशा वेळी उघडा पडतो. त्यात दिवसाचे सहा गोड चहा आणि रंगीत बाटली. मग काय होणार?

रक्तातली साखर वाढली तर छातीचे काय बिघडते? आपल्या श्वासनळ्यांच्या आत एक पातळ ओलावा असतो. शरीर त्यात साखर फार कमी ठेवते. रक्तात असते त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. का? जंतूंना खायला मिळू नये म्हणून. रक्तातली साखर फार वाढली, की ती या ओलाव्यातही झिरपते. मुंग्यांना गुळाची ढेप सापडावी, तसे जंतूंचे होते. लंडनमधल्या डॉक्टरांची एक पाहणी 2006 साली प्रसिद्ध झाली. हा आजार बळावून रुग्णालयात आलेल्यांपैकी ज्यांची रक्तातली साखर जास्त होती, त्यांच्यात दगावणारे आणि फार दिवस पडून राहणारे जास्त निघाले. साखर वाढल्यानेच असे झाले, की आजार जबर होता म्हणून साखर वाढली, हे एका पाहणीने ठरत नाही. पण साखर तपासत राहावे, एवढे त्यातून नक्की कळते.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, छातीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, की डॉक्टरांना विचारा, "माझी साखर तपासायची का?" दोन, साखर वाढली म्हणून त्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. त्या वेळी त्या जीव वाचवत असतात. डॉक्टरांना सांगा, ते मार्ग काढतील. तीन, ओढायच्या औषधाला भिऊ नका. ते थेट छातीत जाते, मात्रा अगदी थोडी असते. गोळ्यांइतकी साखर त्याने वाढत नाही. औषध ओढल्यावर चूळ तेवढी भरा.

मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांना एक सांगतो. अंगाला दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर फार उतरलेली असू शकते. त्या वेळी साखर खाणे हाच उपाय. दोन-तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि दवाखाना गाठा. तिथे पथ्य आड आणू नका.

चौथे ठिकाण, बाटलीतली गोड पेये.

ऑस्ट्रेलियात सुमारे सतरा हजार माणसांची एक पाहणी झाली. ती 2012 साली प्रसिद्ध झाली. रोज अर्ध्या लिटरपेक्षा जास्त गोड बाटलीबंद पेय पिणाऱ्यांत दमा आणि सी.ओ.पी.डी. असणारे जास्त आढळले. आता इथे घाई करू नका. पेयामुळे आजार झाला, असे यावरून सिद्ध होत नाही. पाऊस पडतो तेव्हा छत्र्या दिसतात, म्हणून काही छत्र्या पाऊस पाडत नाहीत. असे पेय पिणारी माणसे विडी-सिगारेटही जास्त ओढत असतील, इतर आहारही वाईट असेल. पाहणी करणाऱ्यांनी हिशेबात ते धरले होते, तरी शंका उरतेच. पण एक साधा विचार करा. त्या बाटलीत कामाचे काय असते? पाणी, साखर, रंग आणि फेस. फेसाने पोट फुगते. पोट फुगले की श्वास अडतो. ते सोडल्याने नुकसान कोणाचेही नाही.

आता गुळाविषयी. हा प्रश्न आम्हाला दर बैठकीत विचारला जातो.

धुळीच्या कामावर गुळाचा खडा खायची रीत आपल्याकडे जुनी आहे. काही ठिकाणी मालकच मजुरांना गूळ वाटतो. "गूळ खाल्ला की धूळ पोटात उतरते," असे म्हणतात. यावर लखनौच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केला होता. तो 1994 साली प्रसिद्ध झाला. गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून कोळशाची आणि दगडाची धूळ जास्त बाहेर पडली, असे त्यांना दिसले. पण हे उंदरांवर झाले. माणसाची छाती गुळाने वाचली, असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. आणि गूळ म्हणजे बहुतेक साखरच. रंग बदलला म्हणून जात बदलत नाही. रक्तातली साखर गुळानेही वाढते.

इथे खरा धोका कोणता, ते सांगतो. गुळाचा खडा तोंडात टाकला, की माणसाला वाटते, आपले रक्षण झाले. मग तो तोंडाला काही बांधत नाही. मालकही धुळीवर पाणी मारत नाही. दगडाची बारीक धूळ एकदा फुप्फुसात रुतून आजार झाला, की तो परत फिरत नाही. म्हणून गड्यांनो, गूळ आवडत असेल तर खा. पण तो ढाल समजू नका. धूळ उडूच नये म्हणून पाणी मारायला सांगा. चांगला मास्क मागा. हा तुमचा हक्क आहे.

साखरेचे माप किती असावे? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली एक मर्यादा सांगितली. साधारण मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर, गूळ, मध हे सारे मिळून दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवावे. 25 ग्रॅमच्या आत ठेवले तर आणखी चांगले. आता पाटीवर हिशेब मांडा. एक लहान चमचा साखर म्हणजे सुमारे 4 ते 5 ग्रॅम. मावशींचे सहा कप, दर कपात दोन चमचे. झाले बारा चमचे. म्हणजे 48 ते 60 ग्रॅम! बिस्किटे आणि गूळ अजून धरलाच नाही. बाटलीतले गोड पेय 250 मिलिलिटर घेतले, तर त्यात साधारण पाच-सहा चमचे साखर असते.

इथे तुमचे अक्षरज्ञान उपयोगी पडेल, बरं का. पाकिटावर, बाटलीवर बारीक अक्षरात साखरेचा आकडा छापलेला असतो. छपाई बहुधा इंग्रजीत असते. घरातल्या शाळकरी मुलाला 'शुगर' हा शब्द शोधायला सांगा. त्यापुढचा आकडा तुम्ही वाचा. तो शंभर ग्रॅमचा आहे की एका वेळच्या खाण्याचा, तेही बघा. आकडा पंचवीस असेल, तर चमचे किती झाले, हा हिशेब तुम्हाला येतोच.

मग खावे काय? महाग काही लागत नाही.

एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत 7 ते 8 ग्रॅम. दूध, दही, ताक, वरण, पिठले, मटकीची उसळ, हरभरे, मासळी, जे परवडेल ते. ज्वारी-बाजरीची भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करली, की चावायचे कष्ट वाचतात. खंगलेल्याच्या घासाला चमचाभर तेल किंवा तूप लावा. थोड्या घासात जास्त बळ जाते. दाण्याची चटणी भाकरीवर जाड लावा. ज्यांना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी माप डॉक्टरांना विचारावे.

दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे करा. जेवणाआधी थोडे विसावा. बसून, सावकाश खा. जेवताना मध्येच थांबून दोन श्वास घ्या. जेवणाबरोबर घटाघट पाणी पिऊ नका, त्याने पोट लवकर भरते. पाणी मधल्या वेळी प्या. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही. चहा सोडा म्हटले, तर तुम्ही आम्हालाच सोडाल! चहा दोन-तीन कपांवर आणा. साखर आधी दोनाची दीड चमचा करा, मग एक, मग अर्धा. जीभ पंधरा-वीस दिवसांत सरावते. आणि चहा जेवणाच्या जागी नको, जेवणाखेरीज हवा.

जो जाड आहे, त्याची गोष्ट थोडी वेगळी. पोटाचा घेर वाढला की तोही श्वासाला ओझेच होतो. त्याने साखर कमी करून वजन हळूहळू उतरवावे. पण भाकरी-वरण-अंडे तोडून नव्हे. उपासतापास करून तर नव्हेच.

आणि या साऱ्याच्या आधी, धूर. साखर निम्मी केली आणि विडी चालूच ठेवली, तर फुटक्या घागरीत पाणी भरण्यासारखे होईल. विडी सोडणे हे पहिले औषध. चुलीचा धूर बाहेर जाईल अशी सोय करा. गॅस असेल तर तो पाहुण्यांच्या चहापुरता राखू नका. घरात कोणाची छाती आजारी असेल, तर रोजचा स्वयंपाक आधी गॅसवर. चूल पेटवावीच लागली, तर ती अंगणात पेटवा आणि आजारी माणसाला तिच्यापुढे बसवू नका.

दवाखान्यात लगेच केव्हा जायचे, तेही ऐका. धापेने बोलता येत नसेल. ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील. बेडक्याचा रंग बदलून ताप आला असेल. माणूस गुंगीत जात असेल, भलतेच बोलत असेल. अशा वेळी काढा, गूळ, चहा यांत वेळ घालवू नका. गुंगी हे कर्बवायू साठल्याचे लक्षण असू शकते.

आता मावशींचे पुढे काय झाले?

आमच्या एक ताई त्यांच्या घरी गेल्या. सुनेला आणि मुलाला जवळ बसवले. दवाखान्याचे कागद वाचले. डॉक्टरांना पुन्हा भेटून पथ्य नीट विचारून घेतले. गोळ्यांचा कोर्स संपल्यावर साखर बरीच खाली आली होती. दूध सुरू झाले. सकाळी अंडे, दुपारी वरणात कुस्करलेली भाकरी, चारला मूठभर भिजवलेले शेंगदाणे वाटून, रात्री भात-पिठले. चहा तीन कप, अर्धा चमचा साखर. बाटल्या बंद. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "मला वाटलं, मी आईला शक्तीच देतोय." त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने बाटल्यांचे पैसे वाचवून चुलीवर धुराडे बसवून घेतले.

मावशी बऱ्या झाल्या का? नाही. हा आजार पुरता बरा होत नाही, हे खरे सांगितले पाहिजे. खोकला आहे. चढ आला की थांबावे लागते. पण सहा महिन्यांत वजन थोडे वाढले, बांगड्या मनगटाशी आल्या. आणि परवा त्या काठी टेकत, तीनदा थांबत, आपल्या वर्गात आल्या. फळ्यावरचा आजचा विषय त्यांनीच लिहिला आहे. 'श्वास' शब्दातला 'श्व' जरा वाकडा आहे, पण वाचता येतो ना? तेवढे पुरे.

जाताना एवढे घेऊन जा. छाती बिघडते धुराने. साखर तिच्यावर ओझे घालते. अन्न तिला बळ देते. म्हणून धूर तोडा, साखर कमी करा, अन्न मात्र तोडू नका. घरी कोणी खोकत असेल, तर आज रात्री त्याचे ताट बघा. त्यात काय आहे, किती आहे, आणि पेल्यात काय आहे. उद्याच्या वर्गात पाटीवर लिहून आणा. आपण मिळून वाचू.

रामराम.